कट म्हणेपर्यंत

निपचित मावशी आजवर किती वेळा मेली, ते तिचं तिलाही सांगता यायचं नाही. पुरात मेली, भूकंपात मेली, जळत्या जहाजावर मेली, न दिसणाऱ्या रोगाने भर रस्त्यात मेली. एकदा आकाशातून आलेल्या धोंड्याखाली मेली, तेव्हा पडद्यावर तिचा फक्त उजवा पाय आला. घरच्यांनी हौसेने तो सिनेमा पाहिला. "पाय छान आलाय," नवरा म्हणाला, आणि पुढचे काही दिवस बाईंचा तोरा विचारू नका.

शहराबाहेर सिनेमाचा एक स्टुडिओ आहे, तिथे ती गर्दीत काम करते. गर्दीत काम करणाऱ्या माणसाला नाव नसतं, जागा असते. मावशीची जागा जमिनीवर. इतकी वर्षं ती इतकी बिनचूक निपचित पडत आली की सगळ्यांनी तिचं तेच नाव करून टाकलं. गल्लीतसुद्धा तेच. सकाळी ती डबा घेऊन निघाली की समोरची शिंपीण खिडकीतून विचारायची, "आज काय, पूर की भूकंप?" आणि मावशी म्हणायची, "आज नुसती आग आहे. लवकर सुटेन."

त्या स्टुडिओत ज्या दिग्दर्शकाचं काम जास्त चालायचं, तो दोनच तऱ्हेचे सिनेमे करायचा. एक आपत्तीचे आणि दुसरे पहाऱ्याचे. पहाऱ्याच्या सिनेमात खांबाखांबावर कॅमेरे असायचे, भिंतींना कान असायचे, शेजारी शेजाऱ्याची चुगली करायचा आणि गर्दीने दिवसभर करड्या रंगाचे कोट घालून खाली मान घालून चालायचं. मावशीला ते मुळीच आवडायचं नाही. "दिवसभर भिऊन चाललं की मान धरते," ती म्हणायची, "त्यापेक्षा मेलेलं बरं. एका जागी पडायला तरी मिळतं." दिग्दर्शकसाहेबांचं म्हणणं मात्र मोठं असायचं. गळ्याशी पाणी आल्याशिवाय माणूस कळत नाही, असं ते मुलाखतीत सांगत, आणि त्यांच्या प्रत्येक सिनेमात नायकाच्या गळ्याशी खरोखरच पाणी यायचं. मग तो कुणाला वाचवतो, कुणाला सोडतो, यावर लोक थिएटरात डोळे पुसत. गर्दीची परीक्षा कोणी घेत नसे. गर्दीला एवढंच सांगितलेलं असे की हलायचं नाही.

हे न हलणं किती अवघड असतं, ते एकदा करून बघा म्हणजे कळेल. नाकावर माशी बसते. कुशीत खडा रुततो. ज्या क्षणी खोकायचं नाही असं ठरतं, त्याच क्षणी घशात खवखव सुरू होते. मावशीने यातून आपली रीत बसवली होती, आणि नव्याने येणाऱ्यांनाही ती तीच शिकवायची. उताणं पडायचं नाही, कारण पोट वरखाली झालेलं दिसतं. डाव्या कुशीवर पडायचं, एक गुडघा मुडपायचा, हात अंगाखाली न घेता पुढे टाकायचा, म्हणजे मुंग्या येत नाहीत. श्वास घ्यायचा तो पाठीत घ्यायचा. आणि डोळा पूर्ण मिटायचा नाही, किंचित उघडा ठेवायचा, कारण पूर्ण मिटलेली पापणी थरथरते. त्या किंचित उघड्या डोळ्यातून तिने मोठमोठी शहरं बुडताना पाहिली, आणि एकदा नायकाचा टोप पाण्यात वाहून जाताना पाहिला, तेव्हाही ती हसली नाही. याचा तिला फार अभिमान होता. "माझ्यामुळे आजवर एक शॉट वाया गेलेला नाही," हे वाक्य ती घरात महिन्यातून एकदा तरी ऐकवायचीच.

घर लहान. नवरा बेकरीत भट्टीवर रात्रपाळीला. सकाळी पिठाचा वास घेऊन यायचा आणि दुपारपर्यंत झोपायचा. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. वर्षभरापूर्वी त्या घरात नवऱ्याची धाकटी बहीण राहायला आली. तिचा नवरा गेला. एका सकाळी झोपेतच गेला, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. मूलबाळ नव्हतं, घर भाड्याचं होतं. भाऊ जाऊन तिला घेऊन आला.

ती आली ती खिडकीपाशी बसली, आणि जवळजवळ वर्षभर तिथेच बसून राहिली. त्रास काडीचा नाही. दिलेलं खायची, सांगितलेलं करायची, विचारलं तर हो किंवा नाही म्हणायची. मावशीला बोलण्याची खोड. गप्प माणूस घरात असलं की तिचा जीव गुदमरायचा. सुरुवातीला ती मनातल्या मनात चिडायची, मग चिडल्याबद्दल स्वतःवर चिडायची, आणि मग नणंदेच्या बशीत एक बिस्कीट जास्त ठेवायची. असं किती दिवस चालणार? एक दिवस तिने सरळच सांगितलं.

"वन्सं, उद्या माझ्याबरोबर चला. गर्दी कमी पडतेय. पुराचा सिनेमा आहे."

"मी काय करणार तिथे?"

"काही नाही. काही न करण्याचेच पैसे देतात."

"म्हणजे मरायचं?"

"थोडा वेळ," मावशी म्हणाली. "मग चहा मिळतो."

नणंद नको म्हणेल, अभद्र म्हणेल, रडेल, अशी सगळी तयारी मावशीने ठेवली होती. पण ती नुसतं "बरं" म्हणाली.

त्याच सकाळी मावशीने तिची शिकवणी घेतली. टेबल भिंतीला सारलं आणि दोघी जमिनीवर पडल्या. कुशी अशी, गुडघा असा, श्वास पाठीत. "आणि एक लक्षात ठेवा," मावशीने बजावलं, "या शॉटमध्ये पूर ओसरल्यावर जिवंत माणसं आपापली माणसं शोधत येतात. ती रडतील, हाका मारतील, गदागदा हलवतील. हलायचं नाही. कोणी काही म्हणो, अगदी मी तुमच्या नावाने टाहो फोडला तरी हलायचं नाही. 'कट' ऐकू आल्याशिवाय मेलेलं माणूस उठत नाही. समजलं?" नणंदेने मान हलवली आणि पहिल्याच फटक्यात अशी पडली की मावशी चपापली. एवढ्यात पाळी संपवून नवरा आला. दारात उभं राहून त्याने बायकोकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि "चहा आता मीच करायचा ना?" असं म्हणत दोघींना ओलांडून आत गेला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत बाजाराचा चौक उभा केलेला होता. फळकुटांची दुकानं, त्यावर गिलाव्याचा हात, मातीत लाकडाचा भुसा कालवून केलेला चिखल. वर उंच टाकी. शॉट सुरू झाला की टाकीतून पाणी सोडायचं, ते घोट्याएवढं चढून संथ व्हायचं, आणि उंच दांड्यावरचा कॅमेरा त्या पाण्यात पडलेल्या माणसांवरून हळूहळू सरकत जायचा. हे एकदाच होणार होतं. पाणी उपसून चौक पुन्हा कोरडा करायचा म्हणजे अख्खा दिवस गेला, आणि साहेब आधीच उशिरात होते. गर्दीचा मुकादम ओरडून ओरडून घोगरा झाला होता. "कोणी हललं तर पुन्हा या फाटकात पाऊल ठेवू देणार नाही," त्याने दम दिला. मग मावशीकडे बघून म्हणाला, "तुम्हाला नाही सांगत हो."

मावशीने नणंदेला आपली नेहमीची जागा दिली. दुकानाच्या पायरीजवळ, दिव्यांच्या झळीपासून लांब, पाठीला टेकण असलेली. आपलं माणूस म्हणून. स्वतः ती समोरच दोन हातांच्या अंतरावर पडली, तोंड नणंदेकडे करून. तिला एवढंच ठाऊक नव्हतं की त्या पायरीजवळची जमीन रात्रीच्या कामात खचली होती आणि तिथे पाणी जास्त साचणार होतं.

अ‍ॅक्शन म्हटलं गेलं आणि पाणी आलं. गार होतं. मावशीच्या कुशीखालून गेलं, दंडाला लागलं, गालापाशी येऊन थांबलं. सगळं ठीक होतं. मग किंचित उघड्या डोळ्यातून तिने समोर पाहिलं. नणंदेच्या गालावर पाणी चढलं होतं. ते ओठांच्या कोपऱ्याशी आलं. मग ओठ बुडाले. आता तोंड वर करेल, मावशी मनात म्हणाली. अगदी मुरलेला गर्दीवालासुद्धा अशा वेळी हनुवटी नखभर उचलतो, कॅमेऱ्याला कळतही नाही. नणंदेने उचलली नाही. पाणी नाकाच्या शेंड्याला लागलं आणि मग नाकपुडीवर आलं. पाण्यावर एक बुडबुडा नव्हता. मान हलत नव्हती, खांदा हलत नव्हता, पाठीतसुद्धा काही हलत नव्हतं, आणि तिथे काय हलतं ते मावशीइतकं कोणाला ठाऊक होतं!

बाई बेशुद्ध पडली असेल. गार पाण्याने छाती धरली असेल. किंवा ती शुद्धीवर असेल आणि तिला हलायचंच नसेल. कॅमेरा तिच्या डोक्यावर होता. ती हलली तर शॉट गेला. दिवस गेला, तिची भाकरी गेली, आणि जिच्यावर ती ताठ मानेने जगत आली ती एकच गोष्ट गेली. आणि नणंद नुसतीच चांगली पडलेली असेल तर? मावशीनेच शिकवलं होतं ना?

हा विचार फार वेळ चालला नसेल. पण मावशी अजूनही म्हणते, की मी आधी शॉटचा विचार केला, मग वन्संचा. मला वाटतं, हे म्हणताना ती स्वतःशी फार कडक वागते. उठायला लागतो तेवढाच वेळ तिने घेतला. निपचित मावशी उठली.

चिखलात घसरत, गुडघ्यांवर रांगत तिने नणंदेला गाठलं, डोकं पाण्यातून वर उचललं आणि गदागदा हलवलं. "वन्सं! अहो वन्सं, उठा! डोळे उघडा!" नणंदेची मान लुळी पडली. हात पाण्यात सुटला. मावशीने टाहो फोडला. "अरे, कोणी तरी या! माझी नणंद गेली रे!"

आणि कोणीही हललं नाही.

चौकभर माणसं पडली होती, सगळी ओळखीची, एरवी चहासाठी धक्काबुक्की करणारी. एकानेही डोळा उघडला नाही. कट झालेलं नव्हतं. उलट लांबून जिवंत माणसांतली एक रडणारी बाई ठरल्याप्रमाणे पाण्यातून आली, मावशीच्या खांद्यावर हात ठेवून तिच्यापाशी बसली आणि सुरात सूर मिसळून सुरेख रडू लागली. "अहो रडताय काय, डॉक्टरला बोलवा!" मावशी तिच्यावर ओरडली, तर ती आणखी जोरात रडली. वर कॅमेरा खाली येत येत अगदी तोंडाजवळ आला. मावशीने त्याच्याकडे, सरळ भिंगात बघून हात जोडले.

तेव्हा कुठे "कट" ऐकू आलं.

नणंदेने डोळे उघडले, शिंकली, आणि भोवती बघत म्हणाली, "झालं?"

मावशीने आधी तिला पोटाशी धरलं आणि मग तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "का नाही उठलात? मी इतकी ओरडत होते!"

"तुम्हीच म्हणालात ना, टाहो फोडला तरी हलायचं नाही म्हणून?"

यावर आडव्या पडलेल्या गर्दीतून कोणी तरी हसलं. हसणं पसरलं, सगळा बाजार उठून बसला आणि हसू लागला. कॅमेऱ्यातलं चित्र ज्या छोट्या पडद्यावर दिसतं, त्या पडद्याच्या तंबूतून साहेब धावत आले, पण हसत हसत. "मावशी, कमाल केलीत! हे करायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही."

"मला वाटलं, सहायकाने बसवलं असेल."

"मला वाटलं, साहेबांनी," सहायक म्हणाला.

"मला वाटलं, दोघांनी मिळून," मुकादम म्हणाला.

"मी बोंबलत होते ते ऐकू येत होतं ना?" मावशीने विचारलं. आवाजवाला प्रामाणिक होता. त्याने कानावरचं यंत्र काढलं आणि म्हणाला, "अगदी स्वच्छ."

"म्हणून तर कट म्हटलं नाही," साहेब म्हणाले. ते मनापासून बोलत होते. मग मावशीचा चेहरा पाहून ते वरमले, स्वतःचा कोट काढून त्यांनी नणंदेच्या खांद्यावर टाकला. माणूस वाईट नव्हता. गळ्याशी पाणी आलं की माणूस कसा वागतो, याचे सिनेमे काढण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्या दिवशी पाणी खरोखर आलं आणि तो ते तंबूतल्या त्या छोट्या पडद्यावर बघत बसला. मला त्याचा राग येतो, पण मी तिथे असतो तर मीही बघतच बसलो असतो, हेही खरं. मावशीने त्याच्यावर राग धरला नाही. गर्दीवरही नाही. "त्यांना तसं मीच शिकवलं," एवढंच ती म्हणाली.

तो शॉट सिनेमात राहिला, आणि लोकांना तो फार आवडला असं ऐकतो. शिंपीण दोनदा बघून आली आणि दोन्ही वेळा रडली. मावशी बघायला गेली नाही. कामावर ती जाते अजून. फक्त नवीन बाई आली की कुशी आणि गुडघा शिकवून झाल्यावर सांगते, मी नावाने हाक मारली तर मेलेली असलीस तरी उठायचं. मुकादम कुरकुरतो. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी स्टुडिओच्या गाडीतून दोघी घरी निघाल्या. बाकीचे मागे चेष्टामस्करी करत होते. नणंद साहेबांच्या कोटात गुरफटून खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळाने ती आपणहून बोलली. वर्षभरात पहिल्यांदा.

"वहिनी, पाणी नाकाशी आलेलं मला कळत होतं."

मावशीने तिचा हात हातात घेतला.

"म्हटलं, येऊ दे. हलायचं कशाला. तुमच्यावर नको ढकलायला. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही पडून राहिले मी."

"कळलं मला तिथेच," मावशी म्हणाली.

"मग तुम्ही येऊन हलवलंत. तेव्हाही उठावंसं वाटेना. पण तुमचे हात इतके थरथरत होते..." ती थांबली. गाडी फाटकातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागली. "हे गेले ना, तेव्हा सकाळी मी उठले आणि बघितलं तर हे गाढ झोपलेले. आदल्या दिवशी दमून आले होते. म्हटलं, झोपू देत. पडदा ओढला. चपला हातात घेऊन चालले. भांडीसुद्धा घासली नाहीत, आवाज होईल म्हणून. शेजारीण दार ठोठावत आली तर तिला ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. दुपारपर्यंत मी त्यांना जपत होते, वहिनी. एकदा हलवून बघितलं नाही."

मावशीला रडू आलं, आणि आज दिवसभर रडून झालं असूनही ती पुन्हा रडली. नणंदेने तिचे डोळे साहेबांच्या कोटाच्या बाहीने पुसले.

दुसऱ्या दिवशी मावशीला सुट्टी होती. नवरा पाळीवरून आला, चहा प्यायला आणि आडवा झाला. मावशी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिने पाहिलं, नणंद खिडकीपासून उठली, आतल्या खोलीच्या दारात थोडी घुटमळली आणि आत गेली. भावाच्या उशाशी उभी राहिली. मग वाकून तिने त्याच्या खांद्याला धरलं आणि जोरात हलवलं.

"दादा! ए दादा, ऊठ!"

तो धडपडत उठून बसला. केस विस्कटलेले, डोळे तांबडे. "काय गं? काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "झोप."